सेंट पॉलची आग आणि देवाचा कोप

१५६१ च्या जूनमध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलवर वीज पडली आणि त्याचे लाकडी, शिशाने मढवलेले उंच शिखर जळून कोसळले. इंग्लंड नुकतेच पुन्हा पोपपासून तुटून प्रॉटेस्टंट झाले होते. डरहॅमचे बिशप जेम्स पिल्किंग्टन यांनी प्रवचनात सांगितले, की देवळाचा बाजार मांडणाऱ्या पापी शहराला देवाने दिलेला हा इशारा आहे. जुन्या पंथाच्या माणसांनी उलट उत्तर दिले, की वाडवडिलांची उपासना टाकली म्हणून देव कोपला. वीज एकच, शिखर एकच आणि निवाडे एकमेकांच्या नेमके विरुद्ध. ते शिखर पुन्हा कधी बांधले गेले नाही. संकटातून देवाचा हेतू वाचता येतो का, हा प्रश्न मात्र एकशे पाच वर्षांनी त्याच वास्तूपाशी अधिक भीषण रूपात उभा राहिला. माझे म्हणणे असे, की तो हेतू वाचता येत नाही. आणि ही गोष्ट विज्ञानाच्या आग्रहाने नव्हे, तर धर्माच्याच आग्रहाने मान्य करायला हवी.

२ सप्टेंबर १६६६, रविवारची पहाट. पुडिंग लेनमधल्या टॉमस फॅरिनर या पाववाल्याच्या भट्टीघरात आग लागली. उन्हाळा कोरडा गेला होता, घरे लाकडाची आणि एकमेकांना खेटून होती, पूर्वेचा वारा जोरात होता. मंगळवारी रात्री ज्वाळा सेंट पॉलला भिडल्या. आठच दिवसांपूर्वी, २७ ऑगस्टला, वास्तुकार क्रिस्टोफर रेन, जॉन एव्हलिन आणि इतर जाणकार दुरुस्तीच्या विचारासाठी ही जीर्ण इमारत पाहून गेले होते. दुरुस्तीसाठीच तिच्याभोवती लाकडी परांच्या बांधलेल्या होत्या आणि आग चढली ती त्या परांच्यांवरून. छपराचे शिसे वितळून रस्त्यांतून वाहिले, असे एव्हलिनने रोजनिशीत नोंदवले आहे. दगडी भिंतींच्या भरवशावर पुस्तकविक्रेत्यांनी आपला सारा माल खालच्या सेंट फेथच्या तळघरात आणून ठेवला होता, तोही गेला. शहरात सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्च भस्मसात झाली. मग निवाडे सुरू झाले. टॉमस व्हिन्सेंट या धर्मोपदेशकाने पुढच्याच वर्षी पुस्तक लिहून आदल्या वर्षीचा प्लेग आणि ही आग या दोन्हींना शहराशी बोलणारा देवाचा भयंकर आवाज ठरवले. कुणाला राजदरबारचा स्वैराचार दिसला, तर राजनिष्ठांना १६४९ मधला राजवध आठवला. इंग्रज आरमाराने ऑगस्टमध्येच टेर्स्खेलिंग बेटावरचे गाव जाळले होते, म्हणून डचांना हा त्याचा न्याय्य मोबदला वाटला. आग पुडिंग लेनपासून पाय कॉर्नरपर्यंत गेली आणि पुडिंग व पाय ही दोन्ही पक्वान्नांची नावे, तेव्हा पाप खादाडपणाचेच असणार, असेही कुणी ठरवले. त्याची साक्ष म्हणून एका गुबगुबीत मुलाचा पुतळा त्या कोपऱ्यावर आजही आहे.

या सगळ्यांत समान धागा एकच आहे. प्रत्येकाला आगीत तेच पाप दिसले, ज्याचा राग त्याच्या मनात आगीपूर्वीच होता. ज्या लिपीत प्रत्येक वाचकाला आपलेच मत लिहिलेले सापडते, तिच्यात दुसऱ्या कुणी काही लिहिले आहे असे मानायला आधार उरत नाही. शिवाय हे वाचन शेवटपर्यंत कुणीच नेत नाही. सेंट पॉलचे एके काळचे डीन, कवी जॉन डन यांचा कफन पांघरलेला संगमरवरी पुतळा या आगीतून जवळजवळ अखंड वाचला. त्याच्या तळाशी जळल्याच्या खुणा अजून दिसतात. आग जर निवाडा असेल, तर हे वाचणेही निवाडाच म्हणावे लागेल. मग डन निर्दोष आणि तळघरातली पुस्तके दोषी, असे म्हणायचे का? असे कुणी म्हणत नाही. सोयीचे तेवढे वाचायचे आणि बाकीचे योगायोगावर सोडायचे, याला श्रद्धा म्हणता येणार नाही.

यावर कुणी म्हणेल, की संदेष्ट्यांनी तरी काय केले? जेरुसलेमचे मंदिर पडले तो देवाचा दंड, असे यिर्मयाने सांगितलेच ना? हा आक्षेप वजनदार आहे. पण त्याच बायबलमध्ये ईयोबाच्या मित्रांची गोष्ट आहे. तुझ्या दुःखामागे तुझे पाप असलेच पाहिजे, असे ते त्याला सांगत राहतात आणि अखेर देव दोष देतो तो त्या मित्रांना. शिलोहाचा बुरूज पडून मेलेली अठरा माणसे इतरांहून अधिक पापी होती का, हा प्रश्न लूकच्या शुभवर्तमानात येशू स्वतः विचारतो आणि त्याचे उत्तर नाही असे देतो. पश्चात्ताप करा, असेही तो लगेच सांगतो, पण मेलेल्यांच्या माथी दोष मारून नव्हे. यिर्मया विनाशाआधी बोलला, स्वतःच्या लोकांशी बोलला आणि त्याची किंमत त्याने कैदेत मोजली. राखेवर उभे राहून शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याला त्याचा आधार घेता येत नाही.

याहून अवघड आक्षेप आपल्याच देशातला आहे. जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले. त्यांचा हेतू निर्मळ होता आणि पाप तर खरेच होते. संकटाचा असा अर्थ लावून समाज सुधारत असेल तर बिघडले कुठे? रवींद्रनाथांनी याला जाहीर विरोध केला. निसर्गाच्या घटनांना निसर्गाचीच कारणे असतात, हे तर त्यांनी सांगितलेच. शिवाय हाच युक्तिवाद सनातन्यांना जास्त सोयीचा आहे आणि तेही भूकंपाचा दोष गांधीजींच्या माथी मारू शकतील, हे त्यांनी दाखवून दिले. मला रवींद्रनाथांचे म्हणणे पटते. अस्पृश्यता पाप आहे हे सिद्ध करायला भूकंपाची गरज नाही, आणि भूकंपात मेलेल्यांत अस्पृश्यही होते. देवाला अशा साक्षीला उभे केले, की चांगल्या कामातही तो नेम चुकलेला मारेकरी होऊन बसतो.

लंडनमध्ये संकटाचा दोष कुणाच्या तरी माथी मारण्याचे मोल एका माणसाने प्राणाने दिले. रोबेर युबेर या फ्रेंच तरुणाने, मन ठिकाणावर नसताना, आग आपणच लावली असे कबूल केले आणि ऑक्टोबर १६६६ मध्ये तो फासावर गेला. आग लागली तेव्हा तो लंडनमध्ये नव्हताच, हे मागाहून उघड झाले. राजाच्या मंडळाची चौकशी मात्र देवाचा हात, जोराचा वारा आणि कोरडा ऋतू यांपलीकडे काही सापडत नाही, अशा निष्कर्षाला आली. इथे ‘देवाचा हात’ कुणावर आरोप ठेवण्यासाठी आलेला नाही, उलट आरोप मिटवण्यासाठी आला आहे. देवाचे नाव घेण्याची ही रीत मला खरी धार्मिक वाटते.

मग आगीला काही अर्थच नाही का? आगीला नाही, आगीनंतर माणसांनी जे केले त्याला आहे. १६६७ च्या कायद्याने घरे विटांची किंवा दगडाची बांधण्याची सक्ती केली. कॅथीड्रलची आधी डागडुजी करून पाहिली, पण १६६८ मध्ये बांधकाम ढासळले, तेव्हा जुने पाडून नव्याने बांधायचे ठरले. रेनचा आवडता आराखडा धर्माधिकाऱ्यांनी नाकारला. १६७५ मध्ये पायाभरणी झाली, पैसा आला तो लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावरच्या करातून. १६९७ मध्ये पहिली उपासना झाली आणि १७११ मध्ये काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. घुमटाचा मध्य आखताना मजुराने खूण म्हणून उचलून आणलेल्या फुटक्या थडग्याच्या दगडावर ‘मी पुन्हा उठेन’ हा लॅटिन शब्द निघाला, अशी कथा रेनच्या घराण्याने जपली. आग हा संकेत नसेल, तर तो दगडही संकेत नाही, हे मला मान्य करावेच लागेल. त्या शब्दाला अर्थ आला तो पस्तीसहून अधिक वर्षे गवंडी आणि पाथरवट तिथे राबले म्हणून.

आगीच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभावर १६८१ मध्ये कॅथलिकांना दोषी ठरवणारा मजकूर कोरला गेला. राजा बदलला तसा तो खोडला गेला आणि पुन्हा कोरलाही गेला. तो कायमचा काढला १८३० मध्ये. नवे कॅथीड्रल तोवर पूर्ण होऊन ११९ वर्षे झाली होती.