ज्या घराला सातबारा नाही

सरोजिनी नगरचा बाजार देशभर ठाऊक आहे. त्याच्या शेजारचे पिलंजी गाव मात्र दिल्लीत वर्षानुवर्षे राहिलेल्यांच्याही ध्यानात येत नाही. चार-पाच मजली घरे एकमेकांना खेटून उभी, वर विजेच्या तारांचे जाळे, खाली दुकाने आणि वरच्या खोल्यांत भाडेकरू. एके काळी या गावाभोवती शेते होती, आता सरकारी क्वार्टर आहेत. शेते गेली आणि गावाची वस्ती तेवढी राहिली. दिल्लीत अशा वस्तीच्या हद्दीला ‘लाल डोरा’ म्हणतात. १९०८ च्या सुमारास इंग्रज महसूल खात्याने नकाशावर तांबड्या शाईने ही हद्द आखली. रेषेबाहेरच्या शेतावर सारा बसे, आतल्या घरांवर बसत नसे. ज्यावर सारा नाही, त्याची नोंद ठेवायला सरकारला कारण उरले नाही. त्यामुळे घर कोणाचे, हे आजूबाजूच्या चार घरांना माहीत असले की पुरे होई.

मराठी वाचकाला हे नवे नाही. आपल्या गावठाणाची तीच कथा आहे. शेताला सातबारा असतो, राहत्या घराला नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो, पण ती कर आकारणीची नोंद, मालकीचा दस्त नव्हे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या माणसे त्या घरांत निर्धास्त झोपली, कारण घराची खरी हमी गावाच्या माहितीत होती. चोर आला तरी हीच माहिती कामी येई. अनोळखी माणूस रात्री गल्लीत शिरला की कोणीतरी ‘कोण आहे रे?’ म्हणून हटकणारच. घर कोणाचे हे ओळखणारे डोळे आणि घराची राखण करणारे डोळे एकच होते.

माझे म्हणणे एवढेच आहे: माणसाचा जीव, त्याचे घर आणि त्याची सुरक्षितता या तिन्हींची पहिली हमी शेजार देतो, राज्यसंस्था मागाहून येते. तिने शेजाराच्या हमीवर शिक्कामोर्तब करावे ही अपेक्षा असते. पुष्कळदा ती उलटे करते. आपल्या दप्तरात नाही त्याला ती परका ठरवते, आणि मग परक्यापासून संरक्षण म्हणून त्यालाच हटवते.

इंडोनेशियाच्या बेटांवरची खेडी या बाबतीत आपल्याला फार जवळची आहेत. जावातल्या खेड्यात रात्रीच्या गस्तीला ‘रोंडा’ म्हणतात. घरटी माणूस पाळीपाळीने गस्त घालतो, चौकीत टांगलेला लाकडी वा बांबूचा ‘केंतोंगान’ वाजवून इशारा देतो. काही गावांत दारापाशी ठेवलेले चिमूटभर तांदूळ गस्तवाले गोळा करतात आणि त्यांतून गावाचा फंड उभा राहतो. जमिनीचा पुरावा म्हणून कित्येक कुटुंबांकडे ‘गिरिक’ असतो, म्हणजे जुन्या कराची नोंद, आपल्या नमुना आठची सख्खी बहीण. १९६० च्या जमीन कायद्याने तिथे ‘अदात’ म्हणजे परंपरागत हक्क मान्य केले, पण राष्ट्रहिताला बाधा येणार नाही या अटीवर. ती अट किती जड आहे हे रेंपांग बेटावर दिसले. सिंगापूरजवळच्या या बेटावर सुमारे साडेसात हजार माणसांची जुनी मलायी गावे आहेत. तिथे काच कारखान्यासह ‘इको-सिटी’ उभारायचे ठरले. ७ सप्टेंबर २०२३ रोजी मोजणीसाठी पोलीस आणि सैनिक आले, गावकऱ्यांनी रस्ता अडवला, अश्रुधूर सोडला गेला आणि त्याचा त्रास शाळेतल्या मुलांना झाला. त्या दिवशी गावाला ज्याच्यापासून जपायला हवे होते तो चोर नव्हता, सरकारी मोजणीदार होता.

सरोजिनी नगरकडे परत येतो. पूर्वी विनय नगर म्हणत त्या या वसाहतीत केंद्र सरकारच्या नोकरांची घरे होती. बंगाल्यांनी इथे शाळा काढली, दक्षिणेकडच्यांनी विनायकाचे मंदिर बांधले. मराठी कारकून कुटुंबेही राहिली. या माणसांना घर होते, मालमत्ता नव्हती. निवृत्ती आली की किल्ली परत. पिलंजीवाल्याकडे मालमत्ता आहे पण तिचा स्वच्छ कागद नाही, बाबूकडे वाटपाचा कागद आहे पण मालमत्ता नाही. आणि तिसरा एक वर्ग, ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो या दोघांच्या घरची धुणीभांडी करतो, कपडे इस्त्री करतो, बाजारात हातगाडी लावतो. तो झुग्गीत राहतो.

जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ नवी घरे, आणि खर्च भागवण्यासाठी नौरोजी नगर व सरोजिनी नगरच्या काही भागात व्यापारी बांधकामाची विक्री. २०१८ च्या उन्हाळ्यात इथली झाडे तोडायला लागले तेव्हा लोक झाडांना बिलगून उभे राहिले, उच्च न्यायालयाने तोड थांबवली. ते आंदोलन योग्यच होते. एप्रिल २०२२ मध्ये त्याच परिसरातल्या सुमारे दोनशे झुग्ग्या पाडायची वेळ आली, तेव्हा इतकी गर्दी जमली नाही. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत दहावीची परीक्षा तोंडावर आलेली मुलगी होती. न्यायमूर्ती के. एम. जोसेफ आणि हृषीकेश रॉय यांच्या खंडपीठाने पाडकामाला स्थगिती दिली आणि आदर्श सरकारने माणुसकीने वागायला हवे असे सुनावले. परीक्षेच्या आदल्या दिवशी आपले छप्पर वाचवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जावे लागणे, याला मी सुरक्षितता म्हणू शकत नाही.

याच जागेने सुरक्षिततेची दुसरी, भयंकर बाजूही पाहिली आहे. २९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळी अगदी तोंडावर असताना, पहाडगंज, गोविंदपुरी आणि सरोजिनी नगर इथे बॉम्बस्फोट झाले. साठांहून अधिक माणसे गेली, त्यांतली बहुसंख्य याच बाजारात. गोविंदपुरीत बसचालक कुलदीप सिंग यांनी बेवारस पिशवी उचलून बाहेर टाकली, प्रवासी वाचले, त्यांची स्वतःची दृष्टी गेली. खटला अकरा वर्षांहून अधिक रेंगाळला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये दोन आरोपी निर्दोष सुटले. स्फोटांच्या आरोपात तिसऱ्यावरही दोष सिद्ध झाला नाही. ज्यांची माणसे गेली त्यांना गुन्हेगार कोण याचे उत्तर राज्यसंस्थेकडून आजवर मिळालेले नाही.

उत्तर मिळाले नाही, पण बंदोबस्त आला. दारांवर धातुशोधक यंत्रे, खांबांवर कॅमेरे. डिसेंबर २०२१ मध्ये बाजारातल्या तुडुंब गर्दीची चित्रफीत पसरली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने चेंगराचेंगरीची भीती बोलून दाखवली. भीती खरी आहे. त्या बोळांत अग्निशमनाची गाडी शिरायला वाट हवी, याबद्दल दुमत असू नये. परंतु दर वेळी सुरक्षिततेचा हिशोब अनधिकृत फेरीवाल्याच्या नावावर मांडला जातो, हे मला मान्य नाही. रोज सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच जागी उभा असणारा माणूस बेवारस पिशवी सर्वांत आधी पाहतो. बाजाराची गस्त तोच घालतो. दर महिन्याला त्याला हुसकावले तर त्या जागी रोज नवा, कोणालाच न ओळखणारा माणूस उभा राहील, आणि तो बाजार आजच्यापेक्षा असुरक्षित असेल.

इथे मला माझ्याच म्हणण्याची दुसरी बाजू मांडली पाहिजे, कारण ती मराठी माणसाला विसरता येणार नाही. शेजाराच्या हमीलाही हद्द असते. आपल्या गावठाणाची हद्द महारवाड्याच्या अलीकडे संपत असे. गावाच्या आठवणीत पाटलाच्या वाड्याचा कोपरान्‌कोपरा असे, सासरी गेलेल्या लेकीचा हिस्सा नसे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवाला विरोध केला तो याच अनुभवातून. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात, १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये, माणसे तुरुंगात गेली ती कागदासाठी, कारण शेजार त्यांना जमीन देणार नव्हता. म्हणून कागद नको असे मी म्हणणार नाही. दुर्बळाला कागदाची गरज बलवानापेक्षा अधिक असते.

महाराष्ट्राने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाणाची मोजणी करून पाहिली, पुढे २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी ‘स्वामित्व’ योजना आली. घराला मालमत्ता पत्रक मिळते, त्यावर कर्ज काढता येते, वाटणीचा वाद मिटवायला आधार मिळतो. हे चांगले काम आहे. पण ड्रोन गावठाण मोजतो, गायरानावरची झोपडी बाहेर राहते. आणि योजना ग्रामीण भागासाठी आहे, तेव्हा शहराच्या पोटात गेलेले पिलंजी तिच्यात बसत नाही. कागद पुन्हा आधीपासून आत असलेल्यांनाच मिळतो.

आपल्या संविधानात मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्क होता, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो साधा कायदेशीर हक्क झाला. जीविताचा हक्क मात्र अनुच्छेद २१ मध्ये कायम आहे. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरची माणसे हुसकावली गेली, तेव्हा ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविका आणि जीविताचा हक्क यांमधला दुवा दाखवला. पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिले की उपजीविका हिरावणे म्हणजे जगण्याचा हक्क हिरावणे. तरीही त्याच निकालाने पदपथ मोकळे करायला मुभा दिली, फक्त पावसाळा संपून महिना होईपर्यंत थांबायला सांगितले, आणि पर्यायी जागेची हमी दिली ती १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना. तत्त्व सर्वांसाठी होते, संरक्षण गणनेत आलेल्यांपुरते.

म्हणून भांडण मोजणीच्या क्रमाचे आहे. झुग्ग्या पाडण्याविरुद्धच्या अजय माकन खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की आधी सर्वेक्षण, पुनर्वसनाचा विचार आणि रहिवाशांशी बोलणे, मग पाडकाम. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या कलम ३ नुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही फेरीवाल्याला हटवता येत नाही. दोन्ही गोष्टी कायद्याच्या आहेत, कोणाची मेहेरबानी नव्हे. सरोजिनी नगरच्या नव्या घरांत स्वयंपाक करायला, कपडे धुवायला, मुले सांभाळायला कोण येणार आणि रात्री ते कुठे झोपणार, याचा आकडा २५,६६७ च्या आकड्याशेजारी आराखड्यात लिहिला गेला पाहिजे. तो काढायला नव्या कायद्याची गरज नाही. महापालिकेचा एक सर्वेक्षक आणि वस्तीतली माहीतगार बाई एवढी जोडी दारोदार फिरली की काम सुरू होते.