भिंत माझी, पाणी कुणाचे?



सोलापूरहून समुद्र लांब. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेल्या माणसाला सकाळी मुंबईत उतरल्यावर कुठे खारा वारा लागतो. तरी आज मी समुद्रकाठचाच एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवणार आहे, कारण तो शेवटी आपल्या अंगणात येऊन पोहोचतो.

मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर किंवा वांद्र्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी गेलात, तर समुद्रात दोरी सोडून बसलेली माणसे दिसतील. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात नुसता गळ. कोकणात याला ‘गरवणे’ म्हणतात. गरीला कोळंबीचा तुकडा लावायचा, दोरी सोडायची आणि वाट पाहायची. शेंगाळा लागला तर ठीक, नाही लागला तरी ठीक. काहींसाठी हा विरंगुळा असतो, काहींसाठी रात्रीचे कालवण.

आता समजा, त्या भिंतीमागे एक इमारत आहे. तिथे एकाने जन्मभराची कमाई घालून समुद्र दिसणारे घर घेतले आहे. घरासमोर रोज पाच-सहा अनोळखी माणसे बसतात. आमिषाची घाण होते, तुटलेली दोरी पडून राहते, रात्री उशिरापर्यंत बोलणे चालते. तो म्हणतो, ‘ही आमची जागा आहे, इथे बसू नका.’ गरवणारा म्हणतो, ‘समुद्र काय तुमच्या बापाचा आहे?’ दोघांपैकी बरोबर कोण?

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये हा तंटा अगदी रोजचा. तिथे घरोघरी पाण्यात लाकडी धक्के बांधलेले असतात. धक्क्याच्या खांबांना कालवे चिकटतात, खाली सावली असते, बारीक मासळी आसऱ्याला येते आणि तिच्या मागे मोठा मासा येतो. रात्री धक्क्यावर दिवा असला तर आणखीच येतो. मग बाहेरचा माणूस होडीतून येऊन धक्क्याखाली गळ फेकतो. मालक ओरडतो, ‘धक्का मी बांधला, मासा माझ्या दिव्याला आला!’ पण तिथला सर्वसाधारण नियम असा की धक्का खासगी असला तरी भरतीच्या रेषेखालचे पाणी सार्वजनिक.

या भांडणात तीन गोष्टींची सरमिसळ होते. त्या वेगळ्या केल्या की बराच गुंता सुटतो. भिंत, पाणी आणि मासा.

भिंत कुणाची तरी असू शकते. ज्याने बांधली, डागडुजी केली, त्याचा तिच्यावर हक्क आहे. परक्याने तिच्यावर चढू नये असे म्हणण्यात गैर काही नाही. (मरीन ड्राइव्हचा कठडा मात्र कुणा इमारतीचा नाही, तो शहराचा आहे.)

पाण्याची गोष्ट निराळी. इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचे जे पाठ्यपुस्तक तयार करवले, त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गतःच सर्वांच्या आहेत असे मांडले आहे. तो ‘म्हणून’ महत्त्वाचा आहे. समुद्र सर्वांचा म्हटला आणि काठ मोजक्यांचा केला, तर समुद्रही मोजक्यांचाच होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हाच धागा पकडला. हिमाचलात बियास नदीकाठच्या एका हॉटेलाच्या बचावासाठी नदीचा प्रवाह वळवण्यात आला होता. न्यायालयाने सांगितले की अशा नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे मालक नव्हे, जनतेच्या वतीने नेमलेले विश्वस्त आहे.

आणि मासा? रोमन कायद्यात पोहणारा मासा कुणाचाच नसतो. पकडला की पकडणाऱ्याचा.

यावर धक्क्याच्या मालकाची एक बाजू उरते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणतो की निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. ‘मी खांब रोवले, म्हणून मासा आला. मग श्रम माझेच ना?’ युक्तिवाद चांगला आहे, पण अपुरा. त्या माशाची पिल्ले खाजणात, खारफुटीच्या मुळांशी वाढली. भरतीने त्याला आणले, कोळंबीने पोसले. खांबाचे श्रम मालकाचे, पण बाकीचा सगळा हिशेब कुणाच्या वहीत मांडायचा? शिवाय लॉकनेच एक अट घातली आहे: इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. घरे तर लाख बांधता येतील, किनारा मात्र वाढत नाही.

हा वाद आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. महाडच्या चवदार तळ्याभोवती सवर्णांची घरे होती. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तसे ठरवले होते. कागदावर पाणी सर्वांचे झाले, पण पाण्यापर्यंतची वाट बंदच राहिली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ती वाट चालून गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. पुढे तळे खासगी असल्याचा दावा गुदरण्यात आला. तो १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळला गेला. गरवायला न मिळणे आणि माणूस म्हणून पाणी नाकारले जाणे यांची बरोबरी होऊच शकत नाही. पण महाडने शिकवलेली एक गोष्ट इथेही लागू पडते: हक्क पाण्यावर असून भागत नाही, तो काठापर्यंत पोहोचावा लागतो.

म्हणजे घरमालक चुकीचा आणि गरवणारा बरोबर, असे म्हणून थांबावे का? नाही. सर्वांचे म्हणजे कुणाचेच नाही, असा अर्थ आपण फार लवकर काढतो. भिंतीवर सोडलेली नायलॉनची दोरी पक्ष्याच्या पायात अडकते. टाकलेली गरी अनवाणी पोराच्या तळव्यात शिरते. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, म्हणजे पिल्ले वाढून एकदा तरी अंडी घालतील. कठड्यावर बसलेल्या माणसाची पट्टी कुणी तपासायला येत नाही. तिथे फक्त त्याचा विवेक असतो.

शुभवर्तमानात जाळ्यांचे प्रसंग पुष्कळ, पण गळाचा एकच. तो मत्तयच्या सतराव्या अध्यायात आहे. मंदिराच्या कराबद्दल विचारणा होते. येशू पेत्राला समजावतो की खरे तर पुत्रांना कर लागू नाही, ते मोकळे आहेत. तरीही त्या लोकांना आपण अडखळण होऊ नये म्हणून तू जा, गळ टाक, पहिल्या माशाच्या तोंडात नाणे मिळेल, ते दे. मला यात गरवणाऱ्यासाठी सगळे नीतिशास्त्र दिसते. आधी स्वातंत्र्य मान्य केले आहे, त्यात काटछाट नाही. मग ते स्वातंत्र्य दुसऱ्याला न दुखावता कसे वापरायचे, ते दाखवले आहे.

घरमालकासाठी लेवीयच्या पुस्तकातला नियम आहे. शेत तुझे, पीकही तुझे, पण कापणी करताना कडेकोपरा कापू नकोस आणि सरवा वेचू नकोस. तो गरिबाचा आणि उपऱ्याचा. संत थॉमस अक्वायनस हेच तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगतो: माणसाने वस्तू आपली म्हणून सांभाळावी, पण तिचा उपयोग करताना ती सर्वांसाठी आहे हे ध्यानात ठेवावे. शेताची कड काय, समुद्राचा काठ काय, मालकीची रेघ जिथे संपते तिथे थोडी जागा दुसऱ्यासाठी ठेवायची असते.

आता आपल्या अंगणाकडे येऊ. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणे सोलापूरकराला नवे नाही. म्हणून ज्याला परवडते तो बोअर घेतो. जागा त्याची, पंप त्याचा, विजेचे बिलही तोच भरतो. पण खडकाच्या भेगांमधून झिरपणारे पाणी कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबते का? शेजारची हातपंपाची विहीर कोरडी पडते तेव्हा ते पाणी कुणाच्या जमिनीतून आलेले असते? खांब माझे म्हणून मासा माझा म्हणणारा आणि पंप माझा म्हणून पाणी माझे म्हणणारा, दोघे एकाच वर्गातले विद्यार्थी आहेत.

या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांनी कंपाउंडबाहेर एक तोटी काढता येईल का, याचा विचार करावा. आणि ज्यांनी त्या तोटीवर घागर भरायची, त्यांनी ती नीट बंद करून निघावे.

तुमचा,
फादर