जुन्या हार्ड डिस्कसमोर

जुना पीसी समोर आहे. लगेच बटण दाबू नका. थोडं बसा आणि स्वतःला विचारा, यातलं मला नेमकं काय हवंय? आईचे फोटो? आजोबांनी टाइप करून घेतलेल्या आठवणी? ‘सगळंच’ हे उत्तर आधी येईल. ते जाऊ द्या. मागून एखादं नाव येईल, ते मनात धरा.

आता हार्ड डिस्कच्या बंद डबीच्या आत मन न्या. आत चकचकीत तबकड्या आहेत. बऱ्याच डिस्कमध्ये त्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारं हेड त्यांना टेकत नाही. फिरत्या तबकडीमुळे तयार होणाऱ्या हवेच्या थरावर, काही नॅनोमीटर उंचीवर ते तरंगतं. धुळीचा कण त्या फटीपुढे प्रचंड असतो, म्हणून ही डबी घरी कधीच उघडायची नाही. ‘टक टक’ आवाज येत असेल, तर वीज बंद करा. ती पुन्हा लावून पाहण्याचा मोह होईल. त्या मोहाकडे पाहा, पण हात आवरा. हेड तबकडीला घासत असेल तर पुढच्या प्रयत्नात उरलेलंही खरवडलं जाईल.

पुसलेल्या फाइलींचाही विचार करा. डिलीट केल्यावर अशा डिस्कवर बहुधा फक्त नोंद जाते आणि जागा मोकळी धरली जाते. तिथे दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तसाच असतो. विंडोज नुसतं सुरू झालं तरी लिहू लागतं. म्हणून डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडा आणि तिच्यावर काहीही साठवू नका.

मग डिस्कची प्रत काढा. त्यासाठी डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम मला फार जवळचा वाटतो. सहज वाचता येतं ते तो आधी उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि त्यांच्याकडे शेवटी परततो. त्याच्या चालीने तुम्हीही चला. पडद्यावरचा प्रगतीचा आकडा कधी बराच वेळ हलणार नाही. केबलला हात लावू नका. मनातलं ते नाव आठवा.

प्रत तयार झाली की मूळ डिस्क बाजूला ठेवा आणि शोध प्रतीतच घ्या. २००० सालाच्या आसपासची मराठी फाइल उघडल्यावर कदाचित रोमन अक्षरांचा गोंधळ दिसेल. फाइल बिघडली असं लगेच समजू नका. श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या फॉण्टमध्ये देवनागरी आकार त्या अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तोच फॉण्ट टाका, ओळी वाचता येतील. मग सावकाश युनिकोडमध्ये बदला, जोडाक्षरं एकेक तपासा. मूळ फाइलही जपा. रूपांतरात एखादी वेलांटी निसटली, तर ती तिथेच सापडेल.