गिऱ्हाईक बघून भाव

पणजीत मांडवीवर उभ्या असलेल्या एका कसिनोच्या बोटीवर मी एका माणसाकडून एका रात्रीत साधारण ४० हजार रुपये जिंकले. रीतसर जिंकले. खुणा नाहीत, कुणाशी संगनमत नाही. तरीही त्या रात्रीचा एक आकडा डोक्यातून जात नाही. तो ४० हजारांचा नाही, ३००० चा आहे.

त्यासाठी थोडं पोकर समजून घ्यावं लागेल. टेबल १००-२०० चं होतं. म्हणजे पानं वाटायच्या आधी दोघांनी सक्तीने अनुक्रमे १०० आणि २०० रुपये टाकायचे. यांना ब्लाइंड म्हणतात. मग प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि मधली सामायिक पानं उघडण्याआधीच बोली सुरू होते. समजा कुणी ६०० केले. माझ्यापुढे तीन वाटा: पानं टाकून द्यायची, ६०० भरून बघायचं, किंवा आणखी वाढवायचं. या री-रेजला खेळाडू ‘थ्री-बेट’ म्हणतात. नो-लिमिटमध्ये तिला वरची मर्यादा नाही. समोरची सगळी चिप्सची रास ढकलली तरी चालते.

मग आकडा ठरवायचा कसा? रूढ उत्तर असं: पुढच्या प्रत्येक फेरीत तुम्ही त्याच्यानंतर बोलणार असाल तर त्याच्या रेजच्या तिप्पट. आधी बोलावं लागणार असेल तर चौपट किंवा थोडं जास्त, कारण आधी बोलणाऱ्याला समोरचा काय करणार हे माहीत नसतं.

मी नंतर बोलणार, म्हणून १८००. ब्लाइंडवाल्यांनी पानं टाकली तर मध्ये २७०० जमतात आणि त्याला आणखी १२०० भरायचे असतात. पुढची बोली क्षणभर सोडून दिली, तर १०० पैकी ३१ वेळा जिंकूनही त्याचा हिशेब जुळतो. मी ३००० केले तर त्याला २४०० भरावे लागतात आणि ३१ चे ३८ होतात. थोडक्यात, री-रेजचा आकडा म्हणजे पुढची पानं बघायची किंमत. ती मी ठरवतो, तो भरतो किंवा निघून जातो.

आता खरी शिस्त. हातात दोन एक्के असोत किंवा एक्का-पंजा घेऊन मी ब्लफ करत असो, आकडा तोच ठेवायचा. पानांप्रमाणे आकडा बदलला की चांगला खेळाडू तो वाचतो. म्हणून आकडा बसायच्या जागेवरून ठरवायचा, पानांवरून नाही. मला ही शिस्त फार आवडायची. दुकानात ‘एकच दर’ अशी पाटी असते ना, तसा सभ्यपणा त्यात वाटायचा.

त्या रात्री माझ्या उजव्या हाताला पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. कोल्हापूरकडचे, कुठल्याशा कंपनीच्या सहलीबरोबर आलेले. हातात ग्लास, तोंडात गप्पा. “पाव्हणं, तुम्ही कुठलं?” असं सगळ्या टेबलाला विचारून झालं होतं. ते जवळपास कुठल्याही पानांवर ६०० करायचे आणि मी वाढवलं की हमखास भरायचे. “एवढं टाकलंय तर बघू की!”

अर्ध्या तासात मी पाटी उतरवली. ब्लफ बंद केला, कारण जो पानं टाकतच नाही त्याच्यासमोर ब्लफ म्हणजे पैसे जाळणं. बऱ्या पानांवर १८००, भारी पानांवर ३०००. खेळाडूंच्या भाषेत याला ‘एक्स्प्लॉइट’ करणं म्हणतात. हाच शब्द आपण मजुरांच्या शोषणासाठी वापरतो, हे टेबलावर कुणाला आठवत नाही.

गंमत बघा. तरबेज खेळाडूंसमोर मी माझी पानं एकाच आकड्याआड लपवत होतो आणि मला प्रामाणिक वाटत होतं. काकांसमोर मी काहीच लपवत नव्हतो. माझा प्रत्येक आकडा त्यांना खरं सांगत होता: आता बरी आहेत, आता भारी आहेत. रात्रभर मी त्यांच्याशी एकही खोटी बोली बोललो नाही. आणि तरी चोरी केल्यासारखं वाटत होतं.

आल्बर्ट कार यांनी १९६८ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडलं होतं, की धंदा पोकरसारखा आहे आणि पोकरमध्ये ब्लफला कुणी खोटारडेपणा म्हणत नाही, कारण तो खेळाचाच भाग आहे. पटतं. पण त्यात गृहीत धरलंय, की बसलेल्या सगळ्यांना खेळ कळतो. महाभारतात शकुनी दुर्योधनाला सांगतो, की युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे, पण खेळता येत नाही. सगळा बेत या एका वाक्यावर उभा आहे. युधिष्ठिर स्वतःच्या पायांनी सभेत आला, स्वतःच्या तोंडाने पण लावले. संमती होती. समज नव्हती.

माझा एक मित्र म्हणतो, “दया करायची असेल तर पत्ते खेळू नकोस.” त्याचंही बरोबर आहे. काका कमावते होते, मजा करायला आले होते. मी मुद्दाम वाईट खेळून त्यांना सांभाळून घेतलं असतं तर तो त्यांचा अपमानच झाला असता. टेबलावर भाव बदलायचा हक्क मला होता, असं मी आजही म्हणेन.

पण खेळ टेबलावर संपला नाही. पहाटे धक्क्याकडे परतणाऱ्या छोट्या बोटीत काका शेजारी येऊन बसले. नशा उतरली होती. म्हणाले, “पाव्हणं, एक विचारू? तुम्ही कधी अठराशे करत होता, कधी तीन हजार. ते कशावरनं ठरवता?”

म्हणजे त्यांना दिसलं होतं. वाचता येत नव्हतं, इतकंच. आणि आता ते वाचायला शिकवा म्हणत होते. एक वाक्य पुरलं असतं: “काका, मी तीन हजार केले की पानं टाकून द्या.” त्यांचा मुक्काम आणखी दोन रात्री होता. माझाही.

“काही नाही हो काका,” मी म्हणालो, “मूडवर.”

सबंध रात्रीतलं माझं तेवढंच खोटं. ते खेळाचा भाग नव्हतं. तिथे ना टेबल होतं, ना पानं. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाने सरळ विचारलं होतं आणि मी उद्याचं गिऱ्हाईक राखलं.

दुसऱ्या रात्री ते शोधत येऊन पुन्हा माझ्या उजव्या हाताला बसले. त्यांनी ६०० केले. मला दोन राजे आले होते. मी ३००० पुढे सरकवले. काकांनी माझ्याकडे बघितलं, हसले. “आज मूड दिसतोय,” म्हणाले आणि चिप्स मोजायला लागले.