ओला भुसा

जरा थांबा. खांदे सैल सोडा.

मूठभर भुसा डोळ्यांसमोर आणा. करवतीखाली आत्ताच पडलेला. दक्षिण स्वीडनमधल्या सॉ मिलमधला, स्प्रूसच्या लाकडाचा.

हलकेच दाबून पाहा. गार, ओलसर लागतो. तळव्याला राळ चिकटते.

ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. मुळांनी ओढलेलं, खोडातून वर चढलेलं. ते अजून या मुठीत आहे.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

ओंडक्याच्या साधारण निम्म्या लाकडाच्या फळ्या होतात. मागे राहतात साल, ढलप्या, भुसा. त्याला कचरा म्हणायची घाई नको. नुसतं पाहा.

आता भट्टीजवळ या.

साल आणि भुसा आत सरकतात. लगेच पेट घेत नाहीत. आग आधी पाणी उडवते. तिची बरीच ताकद त्यातच जाते. मग तापलेल्या लाकडातून वायू सुटतो, आणि तो पेटतो. दिसते ती ज्वाळा त्याची.

पाहत राहा.

आपल्याकडची भुशाची शेगडी आठवते? मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा, मग बाटली अलगद वर काढायची. त्या पोकळीतली आग तासन्‌तास टिकायची. इथेही भुसाच जळतो आहे.

बॉयलरमध्ये वाफ होते. टर्बाइन फिरतं, वीज निघते. तरी उष्णता उरतेच.

दक्षिण स्वीडनमधल्याच वेक्शो शहरात ती गरम पाण्याच्या नळांतून घरोघर जाते. १९८० साली या शहरानं तेलाच्या जागी असं लाकूड जाळायला सुरुवात केली.

तिथे धुरातली वाफसुद्धा गार करतात. तिचं पुन्हा पाणी होतं, आणि होताना ती ऊब सोडते.

इथे थांबा. घाई नाही.

आगीनं पाण्याला जे दिलं, ते पाणी परत देतं आहे.

हे पाहताना मला मनापासून वाटतं, ज्याची फळी होईल ते लाकूड या आगीत पडू नये. उरलेलं पुरेसं आहे.

पुन्हा मिलमध्ये या. इथली बहुतेक उष्णता फळ्या वाळवायला लागते. बंद खोलीत थप्प्या रचल्या आहेत. मध्ये पट्ट्या, हवा खेळावी म्हणून.

कान द्या. पंखे घुमताहेत. फळ्यांतली ओल निघते आहे. ऊब सालीची आहे, कदाचित त्यांच्याच झाडाच्या.

काही दिवसांनी दार उघडतं. वाळलेल्या फळ्या बाहेर येतात, पुढची ओली थप्पी आत जाते.