ब्रेक आणि दुसरी किल्ली

मध्यमवर्गीय माणसाला पैसे वाचवण्याच्या ज्या कला येतात, त्यांत ‘घरच्या घरी’ या कलेचा मान पहिला. घरच्या घरी लोणचे, घरच्या घरी केशकर्तन, घरच्या घरी फ्यूज. लोणचे बिघडले तर बरणी वाया जाते. केस बिघडले तर पंधरा दिवस टोपी घालता येते. पण घरच्या घरी मोटारीचे ब्रेक? इथे मात्र स्वावलंबनाची गाडी जरा अडते.

लहान गाड्यांना बहुधा पुढे डिस्क ब्रेक असतात. डिस्कवर कॅलिपर बसवलेला. चिमटाच म्हणा ना! पायाने दाब दिला की ब्रेक ऑइल पिस्टनला ढकलते आणि दोन पॅड डिस्कला आवळतात. पाय काढला की चिमटा सैल. या चिमट्याने सोडायचे नाकारले की गाडी एका बाजूला ओढते, पेट्रोल पिते आणि चाकाजवळ जळका वास येतो. सौ. म्हणते, “कुणाची तरी फोडणी करपली वाटतं!”

याचा तपास घरी खुशाल करावा. शक्यतो ब्रेक न दाबता चार-पाच किलोमीटर फिरून यावे आणि चारही चाकांजवळ हात न्यावा. लावू नये, नुसता न्यावा. एकच चाक भाकरीच्या तव्यासारखे तापले असेल तर चोर सापडला. गाडी गार झाल्यावर सपाट जागी, बाकीच्या चाकांना ठोकळे लावून, ते चाक जॅकवर उचलावे (गाडीखाली शिरू नये, जॅक हा काही जामीनदार नव्हे) आणि हाताने फिरवावे. घरघरले तर बेअरिंगचा संशय. अडकले तर ब्रेकचा. मग कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल किंचित सैल करावा. चाक मोकळे झाले तर दाब आत कोंडलेला. बहुधा रबरी नळी आतून सुजलेली. तरीही अडकले तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना जाम. निपल उघडला की आत हवा जाऊ शकते, म्हणून ती काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हिशेब जुळेना तर कुठवर जुळतो ते आधी पाहावे, ही आमची बँकेतली रीतच इथे चालते.

आमचे शेजारी निवृत्त हेडक्लार्क. ते गॅलरीतून म्हणाले, “एवढं कळतंय तर मिस्त्रीला पैसे कशाला? स्वतःचं काम स्वतः करावं!”

वचन सोन्याचे, पण ब्रेक स्वतःचे असतात का? ॲक्सिलरेटर माझा. हॉर्न तर जरा जास्तच माझा. पण ब्रेक असतात ते चौकात पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंचे. माझ्या काटकसरीच्या व्हाउचरवर त्यांची सही कुठे आहे? माझे लोणचे मी खावे. माझी बचत त्यांच्या खाती का टाकावी?

यावर तुम्ही म्हणाल, मिस्त्री काय देव आहे? तोही चुकतो. कबूल. म्हणून प्रश्न मिस्त्री की मी, हा नाहीच. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. दोघांपैकी एक चोर असतो म्हणून नव्हे. प्रामाणिक माणसाला स्वतःची चूक सगळ्यांत कमी दिसते म्हणून. तीच बेरीज तोच माणूस तीनदा करतो आणि तीच चूक तीनदा, अगदी मनापासून, करतो.

तेव्हा कॅलिपर कुणीही उघडो, दुसऱ्या जाणत्या डोळ्यांनी पाहावे: नट समोरासमोरचे आवळले का, तेल झिरपते का, रबराला चालणारेच ग्रीस लावले का. नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पॅडल थेट तळाला जाते. ते कडक होईपर्यंत गाडी जागच्या जागी ठेवून दाबत राहावे. हे विसरणारा माणूस बेइमान नसतो. नुसता एकटा असतो.

“म्हणजे तुमचा स्वतःवर विश्वास नाही तर!” शेजारी म्हणाले.

“आहे ना,” मी म्हटले. “पण काका, विश्वासावर आम्ही पाचशेची नोटसुद्धा घेत नाही. उजेडात धरून बघतो.”