पाल चुकचुकते तेव्हा



सकाळची घाई. दप्तर पाठीला लावून लेकरू दारात उभं आहे. ताप नाही, खोकला नाही, दूधही प्यायलंय. तरी आई म्हणते, "आज याचं काहीतरी बिनसलंय." काय बिनसलंय, ते तिला सांगता येत नाही. आणि संध्याकाळी पोर तापानं फणफणतं. मग आपण म्हणतो, आईचं काळीज! तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

ही पाल येते कुठून?

अमेरिकेत बेथ क्रँडल या संशोधक बाईंनी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या नर्सना हेच विचारलं. दिवस भरण्याआधी जन्मलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली इवलीशी बाळं. त्यांना जंतुसंसर्ग झाला, तर वेळ फार थोडा असतो. अनुभवी नर्स कधीकधी रक्ताच्या तपासणीत काही दिसण्याआधीच तो ओळखायच्या. कसं ओळखलंत? "वाटलं," एवढंच उत्तर. क्रँडलबाई तिथे थांबल्या नाहीत. एकेका बाळाची हकिगत त्यांनी खोदून खोदून विचारली. एका बाळाच्या टाचेतून तपासणीसाठी रक्त काढलं होतं, ती जागा अजून पाझरत होती. कातडीचा रंग कुठे फिका, कुठे गडद. पोट किंचित फुगलेलं. हलवलं तरी बाळ सुस्त. यातली एकच खूण कुणी सांगितली असती, तर आपण दुर्लक्ष केलं असतं. सगळ्या मिळून मात्र धोका सांगत होत्या. नर्सनी सांगितलेल्या कित्येक खुणा तर तेव्हाच्या वैद्यकीय लेखनात नव्हत्याच! शेकडो बाळं हाताखालून गेली, त्यातून मेंदूनं ही जुळणी आपली आपण करून ठेवली होती. शब्द तेवढे मागे राहिले होते.

याला दैवी शक्ती म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. तसं म्हटलं, की त्या नर्सच्या वर्षानुवर्षांच्या रात्रपाळ्या आपण पुसून टाकतो.

सरावातून आलेली ही ओळख बुद्धिबळातही दिसते. १९७३ साली चेस आणि सायमन या संशोधकांनी बुद्धिबळाचा पट ५ सेकंद दाखवून झाकला. खऱ्या डावातला पट कसलेला खेळाडू बराचसा जसाच्या तसा मांडायचा. पण मोहरे कसेही विस्कटून ठेवले, तर तो आणि नवशिका जवळपास सारखेच. ओळखीची मांडणी गेली, की जादू गेली.

म्हणूनच आतल्या आवाजाला एक प्रश्न विचारावा: तू हे किती वेळा पाहिलंस, आणि चुकलास तेव्हा तुला कळलं का? नर्सला ते लवकरच कळतं. मुलाखतीत चेहरा पाहून माणूस जोखणाऱ्याला कळत नाही. नाकारलेला उमेदवार पुढे कसा निघाला, हे त्याच्यापर्यंत येतच नाही. तिथे बोलते ती पुष्कळदा जात, रंग, बोली यांबद्दलची जुनी अढी. तिला अंतर्ज्ञान म्हणण्याचा मोठेपणा देऊ नका.

पण आज एखादी जुनीजाणती नर्स किंवा घरातली आई म्हणाली, "बाळ मला बरं दिसत नाही," तर "रिपोर्ट नॉर्मल आहेत" म्हणून तिला गप्प करू नका. "तुम्हाला काय दिसलं?" असं विचारा, आणि बाळाला पुन्हा एकदा नीट तपासा.